घरचं चॅनेल चार

दुकानात सर्किट विचारायला येणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "काका, रेंज किती मिळेल?" माझं उत्तरही ठरलेलं: शून्य. मी सांगतो तो व्हिडिओ ट्रान्समीटर हवेत वीतभरही जायचा नाही, आणि तो जाऊ नये यासाठीच निम्मी मेहनत आहे. कॅमेऱ्याचं किंवा डीव्हीडी प्लेअरचं चित्र तो टीव्हीच्या चॅनेल चारवर बसवतो आणि केबलमधून थेट अँटेनाच्या सॉकेटात सोडतो. पोरांचे चेहरे पडतात. मग मी त्यांना पाटीवर दोन आकडे लिहून दाखवतो.

आपल्याकडे दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपण पाल बी पद्धतीचं. एक चॅनेल ७ मेगाहर्ट्झ रुंद. खालच्या पट्ट्यात चॅनेल दोन, तीन आणि चार. त्यातलं चार म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. चित्राची वाहक लहर, म्हणजे जिच्यावर चित्र बसवतात ती, ६२.२५ वर आणि आवाजाची तिच्यापेक्षा ५.५ ने वर, ६७.७५ वर. आता एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारं सर्किट, कधीच शुद्ध लहर देत नाही. दुप्पट, तिप्पट अशी तिची पिल्लं सोबत निघतातच. ६२.२५ ची दुप्पट किती? १२४.५. आणि ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांच्या बोलण्याचा पट्टा. चॅनेल तीन घेतलं तर ५५.२५ ची दुप्पट ११०.५ होते, तो तर विमानाला धावपट्टीची रेघ दाखवणाऱ्या यंत्रणेचा पट्टा. गच्चीवर मीटरभर तार लावून "बघू कुठपर्यंत जातं" म्हणणाऱ्याला हे दोन आकडे पुरेसे व्हावेत. नसतील तर कायदा आहेच. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्यापासून ते २०२३ च्या दूरसंचार कायद्यापर्यंत सूत्र एकच: परवानगी नसेल तर हवेत लहर सोडायची नाही. दूरदर्शनने ती जुनी प्रक्षेपणं बंद केली म्हणून तो पट्टा कुणाच्या बापाचा झाला नाही.

तेव्हा अँटेना नाही. तारेतूनच.

मग करायचंच कशाला? एक तर, ज्या जुन्या टीव्हीला पिवळ्या पिनेचं सॉकेटच नाही, त्याला चित्र द्यायचा हाच रस्ता. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात असाच एक चौदा इंची डबा आहे. जिन्याच्या दाराशी कॅमेरा बसवला, मुलाने मोबाइलवर दाखवायची सोय केली, तर काकू म्हणाल्या, "अहो, कणकेच्या हातांनी मी मोबाइल कुठे धरत बसू? त्या डब्यात दाखवा की." दाखवलं. दुसरं म्हणजे, टीव्हीचं चित्र म्हणजे नेमकं काय हे ज्याला हातानं शिकायचंय, त्याच्यासाठी यापेक्षा स्वस्त शाळा नाही. सगळं सामान शे-दोनशे रुपयांत येतं, आणि बरंचसं भंगारात फुकट मिळतं.

सर्किटकडे वळण्याआधी थोडं सिग्नलबद्दल. हे वाचल्याशिवाय पुढे गेलात तर पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) कुठे फिरवायचा ते कळणार नाही.

पिवळ्या पिनेतून येणारा व्हिडिओ ७५ ओहमच्या लोडवर साधारण १ व्होल्टचा असतो. त्यातला खालचा ०.३ व्होल्ट सिंकचा, वरचा ०.७ व्होल्ट चित्राचा. दर ६४ मायक्रोसेकंदाला एक रेघ, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला सिंकचा खड्डा असतो आणि टीव्ही तो खड्डा पकडून रेघ कुठून सुरू करायची ते ठरवतो. पाल बीमध्ये मॉड्युलेशन, म्हणजे चित्राप्रमाणे लहरीचा जोर कमीजास्त करणं, उलटं असतं. सिंकच्या तळाशी वाहक लहर पूर्ण जोरात, काळ्या रंगाला साधारण तीन चतुर्थांश, आणि पांढऱ्याशुभ्र रंगाला जेमतेम दहावा हिस्सा. हे उलटेपण आपल्या फायद्याचं आहे, ते पुढे दिसेल.

आता व्हिडिओ ट्रान्समीटरचा सगळीकडे फिरणारा एका ट्रान्झिस्टरचा नकाशा, म्हणजे सर्किटची आकृती: एफएम बगसारखाच (माइकचा आवाज एफएम रेडिओवर पाठवणारं छोटं सर्किट), फक्त माइकच्या जागी बेसवर व्हिडिओ दिलेला. तो चालतो, नाही असं नाही. पण बेसवरचा व्होल्टेज हलला की ट्रान्झिस्टरच्या आतली कपॅसिटन्स हलते आणि वाहक लहरीची फ्रिक्वेन्सी चित्राबरोबर डोलायला लागते. पांढरा शर्ट घातलेला माणूस पडद्यावर आला की कडा पाझरतात, रंग जातात. माझं मत स्पष्ट आहे: लहर तयार करणारा वेगळा आणि तिचा जोर कमीजास्त करणारा वेगळा. दुसऱ्या कामाला ट्रान्झिस्टरही लागत नाही, एक साधा डायोड पुरतो.

सामान लिहून घ्या. ट्रान्झिस्टर बीएफ ४९४. नसेल तर बीसी ५४७ किंवा २एन २२२२ चालेल. पाय मात्र बघून लावा, बीएफ ४९४ चा मधला पाय एमिटर असतो आणि बीसी ५४७ चा मधला बेस. डायोड १एन ४१४८. रेग्युलेटर ७८०५. रेझिस्टर: ४.७ किलोओहम दोन, १ किलोओहम तीन, १५० ओहम दोन, ९१ ओहम दोन, ३९० ओहम एक. १ किलोओहमचा पॉट किंवा प्रीसेट. सिरॅमिक कपॅसिटर: १ नॅनोफॅरडचे तीनचार, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन, ४७, २२ आणि १० पिकोफॅरडचा एकेक. शेवटचे दोन एनपीओ जातीचे मागा, डोक्यावर काळा ठिपका असतो. साधे घेतलेत तर सर्किट तापेल तसं चॅनेल सरकत राहील. इलेक्ट्रोलिटिक १०० आणि १० मायक्रोफॅरड. २२ पिकोफॅरडचा ट्रिमर, म्हणजे स्क्रूने फिरवून बदलायचा कपॅसिटर. २२ गेजची एनॅमलची तार हातभर. कॉपर क्लॅड बोर्डचा तुकडा, आरसीए सॉकेट, केबलचं सॉकेट आणि आरजी ६ किंवा आरजी ५९ केबल.

मुंबईत हे लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळेल. गावाकडे असाल तर एखादं जुनं टीव्हीचं किट शोधा. त्यातला ट्यूनर, तो पत्र्याचा चपटा डबा, काढून घ्या. आतल्या सुट्या भागांसाठी नाही, त्या डब्यासाठीच. कल्हई केलेला पत्रा, त्यावर सोल्डर लगेच धरतं, झाकण घट्ट बसतं आणि भिंतीत फीडथ्रू कपॅसिटर (पत्र्यातून तार आत नेणारे) आयते असतात. ॲल्युमिनियमचा डबा दिसायला छान, पण त्यावर डाग बसत नाही, म्हणून कामाचा नाही. किट फक्त बोर्डाचं घ्या. पिक्चर ट्यूबसकटचा टीव्ही उघडायला जाऊ नका, ट्यूबच्या टोपीवर वीसेक हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते तिथेच दबा धरून बसतात.

ब्रेडबोर्ड वापरू नका. त्याच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये काही पिकोफॅरड फुकटचे असतात आणि आपण इथे दहा पिकोफॅरडचा हिशेब करतोय. कोरा कॉपर क्लॅड घ्या, तांब्याची अख्खी बाजू म्हणजे ग्राउंड. त्याच बोर्डाचे नखाएवढे चौकोन कापा आणि जिथे जोड हवा तिथे फेविक्विकने चिकटवा. प्रत्येक चौकोन म्हणजे एक बेट. ग्राउंडला जाणारा पाय थेट खालच्या तांब्यावर, बाकीचे बेटांवर. बोर्डावर नकाशा छापून तांबं कोरणं नाही, फेरिक क्लोराईडचे पिवळे डाग नाहीत, आणि पाय आपोआप आखूड राहतात. पाय आखूड याचा अर्थ पाच मिलिमीटर, बोटभर नव्हे.

आता कॉइल. ६ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यावर तारेचे आठ वेढे लागून लागून घाला. बिट काढून घ्या आणि वेढे हलक्या हाताने ओढून एकूण लांबी ८ मिलिमीटर करा. दोन वेढ्यांमध्ये कागद सरकेल एवढी फट राहते. दोन्ही टोकांवरचं एनॅमल ब्लेडने चारी बाजूंनी खरवडा, तार लखलखीत गुलाबी दिसली पाहिजे. एका बाजूने खरवडून डाग दिला की तो वरून चकचकीत दिसतो आणि आत सुटा असतो. ड्राय सोल्डरची निम्मी प्रकरणं इथली. ही कॉइल पाव मायक्रोहेन्रीच्या आसपास येते. तिला सगळे मिळून २६ पिकोफॅरड मिळाले की ६२ मेगाहर्ट्झ जुळतात. ट्रिमर, फीडबॅकचे कपॅसिटर आणि इकडचं तिकडचं धरून तेवढे सहज भरतात, आणि ट्रिमर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की साधारण चॅनेल तीनपासून ऐंशी मेगाहर्ट्झपर्यंतचा पल्ला मिळतो.

नकाशा शब्दांत सांगतो, तुम्ही कागदावर काढत चला.

७८०५ च्या आउटपुटचा ५ व्होल्ट कॉइलच्या एका टोकाला. त्याच जागी १ नॅनोफॅरड ग्राउंडला, पाय अगदी तोकडे. हे कॉइलचं थंड टोक. दुसरं, गरम टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. ट्रिमर कॉइलला समांतर, पण त्याचा फिरणारा भाग थंड टोकाकडे लावा, नाहीतर स्क्रूड्रायव्हर टेकला की चॅनेल पळतं. बेसला ५ व्होल्टकडून ४.७ किलोओहम, ग्राउंडकडे ४.७ किलोओहम, आणि बेस ते ग्राउंड १ नॅनोफॅरड. एमिटर ते ग्राउंड १ किलोओहम आणि त्याला समांतर २२ पिकोफॅरड. कलेक्टर ते एमिटर १० पिकोफॅरड. झाला ऑसिलेटर. मीटर लावून एमिटरवर १.८ व्होल्टच्या आसपास दिसलं म्हणजे ट्रान्झिस्टरमधून दोन मिलिअँपियरला किंचित कमी वाहतंय, ठीक आहे.

मॉड्युलेटर असा. ५ व्होल्टपासून १ किलोओहम, मग पॉटचं वरचं टोक. पॉटचं खालचं टोक ग्राउंडला. पॉटच्या मधल्या पायाला १०० मायक्रोफॅरड आणि १ नॅनोफॅरड, दोन्ही ग्राउंडला. इथे आपल्याला शून्य ते अडीच व्होल्टपर्यंत बदलता येणारा व्होल्टेज मिळाला. याच मधल्या पायापासून प्लॅस्टिकच्या आवरणाच्या बारीक तारेचा एकच वेढा, कॉइलच्या थंड टोकापासून तीनेक मिलिमीटर दूर आणि कॉइलच्याच अक्षावर. वेढ्याचं दुसरं टोक डायोडच्या ॲनोडला. म्हणजे या एका वेढ्यातून बायसही (पॉटवरचा स्थिर व्होल्टेज) जातो आणि कॉइलजवळून उचललेली लहरही. डायोडच्या कॅथोडपासून, काळ्या पट्ट्याच्या बाजूने, दोन वाटा: एक १ किलोओहममधून व्हिडिओच्या सॉकेटला, दुसरी ४७ पिकोफॅरडमधून बाहेर. व्हिडिओच्या सॉकेटवर ग्राउंडला १५० ओहमचे दोन समांतर, म्हणजे ७५.

हे चालतं कसं, ते बघा. व्हिडिओ खाली गेला, सिंकच्या तळाला, की डायोडमधून मिलिअँपियरभर करंट वाहतो; तेव्हा लहरीला त्याचा अडथळा चाळीसेक ओहमचाच, लहर सुसाट बाहेर. व्हिडिओ पांढऱ्याला, एका व्होल्टवर चढला की करंट आटतो, अडथळा काहीशे ओहमवर जातो आणि लहर दबते. म्हणजे सिंकला जोर, पांढऱ्याला दाब. पाल बीला हवं तसं उलटं मॉड्युलेशन, व्हिडिओ उलटा करणारा वेगळा टप्पा न लावता. मला या सर्किटातली सगळ्यात देखणी जागा हीच वाटते.

बाहेर पडताना एक अटेन्युएटर, म्हणजे सिग्नलचा जोर कमी करणारी जोडणी, लावायचाच: आत ९१ ओहम ग्राउंडला, मध्ये सरळ रेषेत ३९०, बाहेर पुन्हा ९१ ग्राउंडला. हा π (पाय) या ग्रीक अक्षराच्या आकाराचा वीस डेसिबलचा नकाशा, व्होल्टेज दहाव्या हिश्श्यावर आणतो. टीव्हीच्या ट्यूनरला एखाददुसरा मिलिव्होल्ट पुरतो. जास्त दिलं तर चित्र सुधारत नाही, उलट ट्यूनर गुदमरतो आणि काळ्या भागात तिरप्या रेघा येतात. सोल्डर करायचा कंटाळा असेल तर केबलवाल्याकडे दहा-वीस डेसिबलचा स्क्रूचा अटेन्युएटर मिळतो, तो लावा.

पॉवर १२ व्होल्टच्या अडॅप्टरपासून किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीपासून, ७८०५ मधून. ७८०५ च्या दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरड, आउटपुटला वर १० मायक्रोफॅरडचा. सगळं मिळून दहा-बारा मिलिअँपियरच्या आसपास खातं. पहिली चाचणी बॅटरीवरच करा. मोबाइलचा चार्जर थेट ५ व्होल्ट देतो म्हणून मोह होतो, पण त्याच्या स्विचिंगची खरखर चित्रात मुंग्यांसारखी उतरते.

बोर्ड पत्र्याच्या डब्यात घालून चारी कडांना डब्याला डाग द्या, एका कोपऱ्यात देऊन भागणार नाही. पॉवरची तार फीडथ्रूमधून आत घ्या. केबलची जाळी डब्याच्या पत्र्याला गोल सगळीकडून सोल्डर झाली पाहिजे. जाळीची शेपटी पिळून एका ठिकाणी जोडली की तीच शेपटी अँटेना होते. झाकणाला ट्रिमरच्या आणि पॉटच्या डोक्यावर एकेक छोटं भोक, बस्स.

आता जुळवणी. टीव्ही आणि डबा दोन्ही बंद असताना केबल जोडा. काही जुन्या सेटांची चेसिस मेन्सशी, म्हणजे घरच्या विजेशी, लागलेली असते, अँटेनाचं सॉकेट कपॅसिटरने वेगळं केलेलं असलं तरी बोटाला चुरचुरतं. व्हिडिओची पिन अजून लावू नका. पॉट पूर्ण वर. पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर मेनूत व्हीएल हा पट्टा निवडा आणि हाताने ट्यून करा. चपटा टीव्ही असेल तर ॲनालॉग ट्यूनर आहे का बघा, आपल्याकडच्या बऱ्याच सेटांना असतो. सिस्टीम पाल बी/जी, आणि सिग्नल नसताना पडदा निळा करणारी सोय बंद करा, नाहीतर आपल्याला बघायचं तेच ती झाकेल.

पडद्यावर मुंग्या दिसत असतील. आता प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, नसेल तर आइसक्रीमची काडी तासून, ट्रिमर अगदी हळू फिरवा. एका जागी मुंग्या एकदम थांबतील आणि पडदा शांत, काळा होईल. आवाजातली खरखरही बसेल. नवशिक्याला वाटतं बिघडलं. बिघडलं नाही, तीच आपली लहर आहे: व्हिडिओ नाही म्हणजे इनपुट शून्यावर, शून्य म्हणजे सिंकचा तळ, म्हणजे पूर्ण जोर, म्हणजे काळं. डब्याचं झाकण उघडं असेल तर हात जवळ नेऊन बघा, मुंग्या परत येतील. झाकण लावा, हात कितीही जवळ न्या, पडदा ढिम्म राहील. डबा कशासाठी हे पोरांना पटवायला मला दुसरं काही बोलावं लागत नाही.

ऑटो सर्चवर हेच चॅनेल दोनतीनदा सापडू शकतं. वरच्या जागा म्हणजे १२४.५ आणि १८६.७५ वरची पिल्लं. सगळ्यात खालची ठेवा, बाकीच्या पुसा.

काळा पडदा कुठेच मिळाला नाही तर एक एफएम रेडिओ डब्याशेजारी ठेवा, झाकण उघडं. डायल फिरवताना कुठे रेडिओ अचानक गप्प झाला, समजा १०० मेगाहर्ट्झवर, तर तुमचा ऑसिलेटर ५० वर चालतोय आणि रेडिओला त्याची दुप्पट ऐकू येतेय. कॉइलचे वेढे किंचित फाकवा, फ्रिक्वेन्सी वर जाईल. दाबले की खाली येईल. रेडिओही कुठे गप्प झाला नाही आणि एमिटरवर १.८ व्होल्ट आहेत, तर पहिला संशय खरवडलेल्या टोकांवर, दुसरा १० पिकोफॅरडच्या जागी १०० चा लागला का यावर. १० वर "१०" किंवा "१००" छापलेलं असतं, १०० वर "१०१". तिसरा आकडा शून्यं मोजायचा, हे विसरून कितीतरी जण फसतात.

आता व्हिडिओ जोडा. चित्र येईल, पण मळकट. पॉट हळूहळू खाली आणा. कॉन्ट्रास्ट वाढत जाईल, मग अशी जागा येईल की पांढऱ्या भागातला तपशील चुन्यासारखा सपाट होतो. तिथून थोडं मागे या. पॉट फार वर असेल तर सिंकचं टोक दबतं, चित्र वरच्या कडेला वाकतं किंवा पायऱ्या उतरल्यासारखं घसरत राहतं. पॉट कुठेही ठेवला तरी चित्र फिकटच असेल तर वेढा कॉइलच्या फार जवळ आहे. लहर एवढी मोठी झाली की ती स्वतःच डायोड उघडते, मग व्हिडिओचं कुणी ऐकत नाही. वेढा आणखी एकदोन मिलिमीटर लांब सरकवा.

काही प्लेअरांच्या आउटपुटला आत कपॅसिटर असतो. तसं असेल तर अंधाऱ्या प्रसंगातून उजेडाच्या प्रसंगात जाताना सगळी पातळी सरकते आणि चित्राला हिसका बसतो. अशा वेळी पॉट थोडा वर ठेवून कॉन्ट्रास्ट कमीवर समाधान माना. कॅमेऱ्याला हा त्रास फारसा जाणवत नाही, जिन्यात प्रसंग बदलतात कुठे.

चित्र आलं पण रंग नाही, तर आधी टीव्हीचं फाइन ट्यूनिंग दोन्हीकडे फिरवून बघा. रंगाची माहिती ४.४३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे चित्राच्या लहरीपासून लांब, पार कडेला बसलेली असते. ट्यूनिंग जरा हललं की तीच पहिली जाते. तरी रंग नाही आला तर कॅथोडजवळचे पाय लांब राहिलेत. आडवा काळपट पट्टा हळूहळू वर सरकत असेल तर तो मेन्सचा हम, अडॅप्टर बदला. सुरुवातीची पाचदहा मिनिटं चॅनेल थोडं सरकेल, एवढं क्षम्य आहे. सगळं जुळलं की कॉइलवर मेणबत्तीचे चार थेंब पाडा, वेढे जागचे हलणार नाहीत. मेणाने फ्रिक्वेन्सी किंचित खाली येते, ट्रिमरने पुन्हा जुळवून घ्या.

आजकालचे सीसीटीव्ही कॅमेरे एएचडी किंवा टीव्हीआय या एचडी पद्धतीचे सिग्नल देतात आणि ते या सर्किटाच्या कामाचे नाहीत, पडद्यावर फाटक्या रेघा येतील. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या वायरवर छोटी जॉयस्टिक किंवा डिप स्विच असतो, त्याने सीव्हीबीएस, म्हणजे पिवळ्या पिनेचा साधा व्हिडिओ, निवडा. घेण्याआधी दुकानदाराला तेवढं विचारा.

आवाज? मी लावत नाही. ५.५ मेगाहर्ट्झचा आणखी एक ऑसिलेटर, त्याला एफएम, मग दोन्हींची मिसळ. चित्रात जाळी उमटवायची हमखास कृती. लाल-पांढरी पिन सरळ एखाद्या स्पीकरला द्या.

एवढं करूनही बिनतारीच हवं असेल तर ५.८ गिगाहर्ट्झचं तयार, मान्यताप्राप्त, कमी ताकदीचं मॉड्यूल विकत घ्या. त्या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेत परवान्याची गरज नाही. आणि खरी हौस असेल तर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काची, परीक्षा द्या. परवाना आला की तुमच्या नावाचं व्हीयूने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं, आणि हवेत काय, किती आणि कुठे सोडायचं हे शिकलेली माणसं ओळखीची होतात.

एकाच कॅमेऱ्याचं चित्र दोन खोल्यांत हवं असेल तर अटेन्युएटरच्या पुढे साधा दोन वाटांचा स्प्लिटर लावा. प्रत्येक वाटेला साडेतीनेक डेसिबल कमी होतात, ते सहज परवडतात. न वापरलेल्या वाटेला ७५ ओहमची टोपी लावा. मात्र इमारतीत येणाऱ्या केबलवाल्याच्या लाइनीला हा डबा जोडू नका. स्प्लिटर दोन्ही दिशांनी चालतो. आपली लहर उलट्या वाटेने खाली उतरते आणि आख्ख्या जिन्याच्या केबलमध्ये कालवाकालव करते. सेट टॉप बॉक्सची केबल बॉक्सलाच राहू दे, टीव्हीच्या अँटेनाचं सॉकेट हल्ली तसंही रिकामंच असतं. काकूंच्या टीव्हीलाही मी तेच केलं, आणि मागे स्केच पेनने लिहून ठेवलं: चॅनेल ४, केबलवाल्याने हात लावू नये.